ज्याच्या हाती संघाची यादी नाही

३० ऑक्टोबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध १३४ चेंडूंत नाबाद १२७ धावा केल्या. भारताने ३३९ धावांचं लक्ष्य गाठलं आणि महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पाऊल टाकलं. सामना संपल्यावर ती माइकसमोर रडत रडत बोलली. आधी येशूचे आभार मानले, मग बायबलमधलं एक वचन सांगितलं: तू फक्त स्थिर उभी राहा, तुझ्यासाठी देव लढेल. पुढचे कित्येक दिवस वाद रंगला तो एवढ्याच एका वाक्यावर. एक बाजू म्हणाली, श्रद्धा घरी ठेवावी, देशाच्या जर्सीत देव कशाला? दुसरी म्हणाली, बघा, विश्वासाने सामना जिंकून दिला. त्याच रात्री तिने आणखीही काही सांगितलं होतं. या स्पर्धेत मी जवळजवळ रोज रडत होते, मनाची घालमेल सहन होत नव्हती, संघाबाहेर बसवलं तेव्हा पार खचून गेले, आणि त्या दिवसांत संघातल्या काही मैत्रिणी माझ्या जवळ राहिल्या. यावर कोणी वाद घातला नाही. मैदानावरचा देव सगळ्यांना दिसला. हॉटेलच्या खोलीत रात्री रडणाऱ्या खेळाडूजवळ कोण बसतं, हा प्रश्न कोणाला पडलाच नाही. मला तो प्रश्न महत्त्वाचा वाटतो, आणि ख्रिस्ती परंपरेने त्याला दिलेलं एक उत्तर गंभीरपणे तपासण्याच्या लायकीचं वाटतं. ते उत्तर म्हणजे खेळाडूंसाठी नेमलेला धर्मगुरू, चॅप्लिन.

माझी भूमिका आधीच सांगून टाकतो. खेळाडूंच्या आसपास चॅप्लिन असावा. क्लबांनी, संघांनी, स्पर्धा भरवणाऱ्यांनी त्याला संकोच न करता जागा द्यावी. मी स्वतः ख्रिस्ती नाही, तरीही हे मनापासून म्हणतो. कारण क्लबातल्या सगळ्या माणसांत तो बहुधा एकटाच असा असतो, ज्याला खेळाडूकडून काहीच नको असतं. प्रशिक्षकाला त्याच्याकडून विजय हवा, एजंटला करार हवा, डॉक्टरला तंदुरुस्तीचा दाखला द्यायचा असतो, चाहत्यांना आनंद हवा, घरच्यांनाही काही ना काही हवंच असतं. चॅप्लिनच्या हाती संघाची यादी नसते, आणि त्याचं सगळं मोल त्या रिकाम्या हातांत आहे. म्हणूनच ज्याच्या हाती यादी आहे त्याने खेळाडूंना प्रार्थनेला बोलावणं मला तितकंच चुकीचं वाटतं. हे दोघे एकाच तागडीत तोलले जातात आणि तिथेच वादाचा विचका होतो.

चॅप्लिन या शब्दाची जन्मकथा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. चौथ्या शतकातला मार्टिन हा रोमन सैनिक, पुढे तूर शहराचा बिशप झालेला. कडाक्याच्या थंडीत वेशीवर कुडकुडणारा भिकारी पाहून त्याने आपला झगा तलवारीने मधोमध कापला आणि अर्धा त्याला दिला, अशी कथा आहे. उरलेला अर्धा झगा पुढे पवित्र वस्तू म्हणून जपला गेला. लॅटिनमध्ये तो 'कापेला', त्याचे राखणदार 'कापेलानी', आणि त्यातूनच चॅपल आणि चॅप्लिन हे शब्द आले. अर्धा झगा देणारा स्वतःही थोडा थंडीत उभा राहतो, हे मला या कथेतलं सगळ्यात सुंदर वाटतं. चॅप्लिन चर्चमध्ये लोकांची वाट बघत बसत नाही. माणसं जिथे अडकून पडतात तिथे तो जातो: इस्पितळात, तुरुंगात, सैन्यात, आणि गेल्या पन्नासेक वर्षांत खेळाच्या क्लबांत. इंग्लंडमध्ये जॉन बॉयर्स १९७७ मध्ये वॉटफर्ड क्लबात गेले, नंतर मँचेस्टर युनायटेडमध्ये. १९९१ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या संस्थेतून आजची स्पोर्ट्स चॅप्लन्सी यूके उभी राहिली. अमेरिकेत १९७३ मध्ये डेट्रॉइटच्या एका क्रीडापत्रकाराने बेसबॉल चॅपल सुरू केलं, तेही एका साध्या अडचणीतून. रविवारी सामने असतात, मग खेळाडूंनी चर्चला जायचं कधी?

आता त्याचं काम जवळून बघू. दुखापतीच्या खोलीत गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेला खेळाडू टेबलावर पडलेला असतो, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. बाकीचा संघ सरावाला गेलेला. खिडकीतून प्रशिक्षकाची शिट्टी ऐकू येते, बुटांचे खिळे काँक्रीटवर खडखडत जातात आणि आवाज लांब जातो. पहिल्या आठवड्यात सगळे येऊन विचारपूस करतात. तिसऱ्या महिन्यात कोणी फिरकत नाही, कारण याच्याकडे बघितलं की प्रत्येकाला आपल्या गुडघ्याची आठवण होते. त्या तिसऱ्या महिन्यात जो माणूस दर मंगळवारी येऊन खुर्ची ओढून बसतो आणि 'कधी खेळणार?' हा प्रश्न सोडून बाकी सगळं विचारतो, तो चॅप्लिन. करार न वाढवलेल्या अठरा वर्षांच्या पोराशी तो बोलतो. मैदानाची निगा राखणाऱ्याची बायको इस्पितळात असेल तर तिथेही जातो, कारण क्लब म्हणजे केवळ अकरा खेळाडू नव्हेत. १७ मार्च २०१२ ला टॉटनहॅमविरुद्धच्या सामन्यात बोल्टनचा फाब्रिस मुआम्बा मैदानावर कोसळला, त्याचं हृदय ७८ मिनिटं बंद होतं. डॉक्टरांनी त्याला परत आणलं, आणि ते श्रेय डॉक्टरांचंच. पण इस्पितळाच्या बाकड्यावर त्याच्या घरच्यांसोबत बसलेल्यांत क्लबचे चॅप्लिन होते. ते काम डॉक्टरांचं नव्हतं, मॅनेजरचंही नव्हतं.

'खेळ वेगळा, धर्म वेगळा' हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि इतिहासापुढे तो सगळ्यात कमी टिकतो, म्हणून त्यावर फार थांबत नाही. ऑलिम्पिया हे मुळात झ्यूस या ग्रीक देवाचं देवस्थान, तिथल्या स्पर्धा हा त्याचा उत्सव. आधुनिक ऑलिम्पिकचं 'अधिक वेगाने, अधिक उंच, अधिक बलवान' हे ब्रीद आँरी दिदों या डॉमिनिकन धर्मगुरूकडून आलं. 'जिंकण्यापेक्षा भाग घेणं महत्त्वाचं' हा विचार आधुनिक ऑलिम्पिक सुरू करणाऱ्या कूबेर्तँने १९०८ मध्ये उचलला तो लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमधल्या बिशप एथेलबर्ट टॅलबट यांच्या प्रवचनातून. बास्केटबॉल १८९१ मध्ये वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या शाळेत जन्मला, आणि तो शोधणारे जेम्स नेस्मिथ धर्मशास्त्र शिकलेले होते. पुढे ते सैन्यात चॅप्लिनही झाले. ॲस्टन व्हिला, एव्हर्टन, साउदॅम्प्टन, मँचेस्टर सिटी हे सगळे क्लब चर्चच्या आवारातून निघालेले. अर्थात, एखादी गोष्ट जुनी आहे म्हणून ती योग्य ठरत नाही. झ्यूसचा उत्सव परत सुरू करा असं कोणी म्हणणार नाही. इतिहास इतकंच सांगतो की खेळातून धर्म आजवर कधी बाहेर गेलेला नाही. दार लावलं तर तो खिडकीतून येतो, म्हणून तो कोणत्या अटींवर आत असावा हे ठरवणं जास्त शहाणपणाचं.

दुसरा आक्षेप कणखरपणाचा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या क्रिकेट संघाला अँड्र्यू विंगफील्ड डिग्बी हे चॅप्लिन होते. १९९४ मध्ये रे इलिंगवर्थ निवड समितीचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी ही व्यवस्था बंद केली. ज्याला रडायला खांदा लागतो त्याने इंग्लंडकडून खेळायला येऊच नये, असा त्यांचा सूर होता. इलिंगवर्थ मोठे कर्णधार होते, ऑस्ट्रेलियात जाऊन ॲशेस जिंकून आलेले, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यच नाही असं मी म्हणणार नाही. वरच्या पातळीवरचा खेळ कठोर असतो. संघ म्हणजे सांत्वनाचं केंद्र नव्हे, आणि दर अपयशानंतर कुरवाळत बसलं तर माणूस मऊ पडतो हेही खरं. पण त्यानंतर काय घडलं? मार्कस ट्रेस्कॉथिक, ७६ कसोटी खेळलेला, इंग्लंडच्या त्या पिढीतला उत्तम सलामीवीर, २००६ मध्ये भारताचा दौरा अर्धवट सोडून घरी गेला आणि त्याच वर्षाच्या शेवटी ऑस्ट्रेलियाचाही. २०१३ मध्ये जोनाथन ट्रॉट ब्रिस्बेनच्या कसोटीनंतर परतला. २०२१ मध्ये बेन स्टोक्स मनाच्या आरोग्यासाठी काही महिने खेळापासून दूर राहिला. चॅप्लिन असता तर यातलं काही टळलं असतं असा दावा मी करत नाही, तो करणं अप्रामाणिकपणाचं होईल. पण या तिघांना कोणी मऊ म्हणेल का? जगातल्या सगळ्यात वेगवान गोलंदाजांसमोर ते वर्षानुवर्षं उभे राहिले. रडायला खांदा लागणं आणि कणखर असणं या गोष्टी एकाच माणसात सुखाने नांदतात, हे क्रिकेटला फार किंमत मोजून कळलं.

मग तिसरा, जास्त धारदार आक्षेप येतो: क्रीडामानसशास्त्रज्ञ असताना पाद्री कशाला? इथे मी बरंच काही मान्य करतो. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर प्रार्थना हा उपचार नाही. खोल नैराश्यात गेलेल्या खेळाडूला 'तुझा विश्वास कमी पडतोय' असं सांगणारा चॅप्लिन नुसता निरुपयोगी नाही, धोकादायक आहे. आपलं काम कुठे संपतं आणि डॉक्टरांचं कुठे सुरू होतं हे ज्याला कळत नाही, त्याला क्लबाच्या फाटकातून आत येऊ देऊ नये. पण म्हणून प्रत्येक दुःख आजाराच्या खात्यात टाकायचं का? वडील वारले त्या दिवशी आपण परदेशात उपांत्य सामना खेळत होतो, ही बोच कोणत्या निदानात बसते? आपल्या टॅकलने समोरच्याचा पाय मोडला आणि त्याची कारकीर्द संपली, हा अपराधभाव मनातून काढून टाकायचा की त्याला सामोरं जायचं? हे प्रश्न अर्थाचे आहेत, क्षमेचे आहेत. मानसशास्त्रज्ञ त्यांवर बोलू शकतो, चांगला असेल तर बोलतोही. पण संघाने नेमलेल्या मानसशास्त्रज्ञाकडे जाताना खेळाडूच्या मनात एक शंका असतेच: मी आतून मोडलोय हे कळलं तर शनिवारी मला बाहेर बसवतील का? शंका खोटी असेल, पण जीभ अडवायला ती पुरते.

२०१४ मध्ये अमेरिकन जलतरणपटू मायकेल फेल्प्स आयुष्याच्या तळाला गेला होता. जगण्याची इच्छाच उरली नव्हती, असं त्याने नंतर स्वतः सांगितलं. तो उपचारकेंद्रात गेला, आणि ते योग्यच केलं. त्याच वेळी रे लुईस या अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या मित्राने त्याला जीवनाच्या हेतूविषयीचं एक ख्रिस्ती पुस्तक दिलं, आणि आपल्याला त्याचा मोठा आधार झाला असंही फेल्प्स सांगतो. उपचार आणि आधार एकाच वेळी, दोन वेगळ्या हातांनी. यातला एक हात दुसऱ्याचा शत्रू आहे हे आपण कुठून शिकलो?

माझ्या भूमिकेपुढचा सगळ्यात अवघड प्रश्न मात्र बाहेरच्या टीकाकाराने विचारलेला नाही. तो जोनाथन एडवर्ड्सच्या आयुष्याने विचारला आहे. तिहेरी उडीतला हा इंग्लिश खेळाडू इतका श्रद्धाळू की पात्रता फेरी रविवारी होती म्हणून १९९१ च्या टोकियोतल्या जागतिक स्पर्धेला तो मुकला. १९९३ मध्ये त्याने तो नेम सोडला. ७ ऑगस्ट १९९५ ला गोथेनबर्गमध्ये त्याने १८.२९ मीटर उडी मारली. तीस वर्षांनंतरही तो विक्रम कायम आहे. २००० मध्ये सिडनीत सुवर्णपदक. २००३ मध्ये निवृत्त झाला, आणि २००७ मध्ये त्याने जाहीरपणे सांगितलं की आता माझा देवावर विश्वास उरलेला नाही. कारण सांगताना तो जे म्हणाला ते मला आजही अस्वस्थ करतं. खेळत होतो तोवर शंका शिवली नाही. मागे वळून बघताना कळतं की श्रद्धेने मला ताण पेलायला मदत केली, आणि श्रद्धा खरी नसली तरीही ती तशीच मदत करते. म्हणजे देव हा त्याच्यापुरता क्रीडामानसशास्त्राचा एक प्रकार ठरला. खेळ थांबला, गरज संपली, देवही गेला. खेळाडूंना दिला जाणारा आध्यात्मिक आधार म्हणजे पदकासाठीचं कायदेशीर उत्तेजक एवढंच आहे का?

अनेक ठिकाणी तो तेवढाच असतो, हे मी नाकारत नाही. सामन्याआधी ड्रेसिंगरूममध्ये पाच मिनिटांची प्रार्थना, एखादं स्फूर्तीचं वचन, 'देव आपल्या बाजूने आहे' असा दिलासा, आणि चला मैदानात. हा श्रद्धेचा कस काढण्याचा प्रकार आहे, आणि जो चॅप्लिन स्वतःची उपयुक्तता गुणतक्त्याने सिद्ध करायला निघतो तो स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो. देव जिंकून देतो असं शिकवलं तर हरलेल्याला काय सांगायचं? समोरच्या संघातही तितक्याच मनोभावे प्रार्थना करणारा कोणी असतो, त्याचं काय? पण एडवर्ड्सच्या कथेतून खेळात आध्यात्मिक आधार नकोच असा निष्कर्ष मी काढत नाही. आधाराची खरी परीक्षा कारकिर्दीच्या शेवटी होते, असं मला त्यात दिसतं. ज्याचा विश्वास गेला त्याच्याकडेही जो फोन करून चौकशी करतो, खुर्ची ओढून बसतो आणि त्याला परत 'आत' आणायची घाई करत नाही, तोच खरा चॅप्लिन. ज्याच्याशी फक्त विश्वासाबद्दलच बोलता येतं आणि अविश्वासाबद्दल बोलता येत नाही, त्याच्याकडे जाऊन मन मोकळं कसं होणार?

आता सत्तेचा प्रश्न, ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टनच्या सरकारी शाळेत जोसेफ केनेडी हे अमेरिकन फुटबॉलचे सहायक प्रशिक्षक सामना संपला की मैदानाच्या मधोमध गुडघे टेकून प्रार्थना करत. आधी एकटे, मग मुलं जमू लागली. शाळेने मनाई केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२२ मध्ये ६ विरुद्ध ३ अशा मतांनी निकाल केनेडींच्या बाजूने लागला. प्रार्थना हा त्यांचा वैयक्तिक हक्क आहे, असं बहुमत म्हणालं. त्या हक्काबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच खटल्याच्या कागदपत्रांत एका पालकाची तक्रार आहे: माझा मुलगा नास्तिक आहे, तरी तो प्रार्थनेत सामील व्हायचा, कारण नाही गेलो तर कमी खेळायला मिळेल अशी त्याला भीती होती. माझ्या डोळ्यांसमोरून तो मुलगा हलत नाही. प्रशिक्षकाने धमकी दिली नसेल, तसा विचारही त्यांच्या मनाला शिवला नसेल. पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला यादी दिसते. यादी करणारा गुडघे टेकतो तेव्हा 'ज्याला यायचं त्याने यावं' या शब्दांना काही अर्थ उरत नाही. आणि यात श्रद्धेचाही अपमान आहे. भीतीने टेकलेले गुडघे कोणत्या देवाला हवे असतील?

सैन्याने हा पेच फार आधी ओळखला होता. ब्रिटिश नौदलात अशी परंपरा आहे की चॅप्लिन ज्याच्याशी बोलतो त्याचीच श्रेणी धारण करतो: ॲडमिरलसमोर ॲडमिरल, साध्या खलाशासमोर साधा खलाशी. पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या पोपरिंग गावात डिसेंबर १९१५ मध्ये टॅलबट हाउस नावाचं विश्रामघर सुरू झालं. ते चालवणारे चॅप्लिन टबी क्लेटन यांच्या खोलीच्या दारावर पाटी होती: आत येणाऱ्यांनो, आपापला हुद्दा बाहेर ठेवा. खंदकांतून आलेला शिपाई आणि त्याला खंदकांत धाडणारा अधिकारी त्या दारातून सारख्याच पायरीने आत जात. सैन्यातल्या सगळ्याच पाद्र्यांनी ही पाटी पाळली नाही, हेही सांगायला हवं. त्याच युद्धात कित्येकांनी व्यासपीठावरून तरुणांना भरती व्हायला सांगितलं, तोफांना आशीर्वाद दिले. ज्या क्षणी चॅप्लिन सेनापतीच्या उद्दिष्टाला आपलं म्हणतो, त्या क्षणी शिपायाला जायला जागा उरत नाही. खेळातही तेच. क्लबाच्या विजयासाठी प्रार्थना करणारा, बसमध्ये मॅनेजरच्या शेजारी बसणारा, ऐकलेलं हळूच वर पोचवणारा चॅप्लिन मला नको. बरेच चॅप्लिन क्लबाकडून पगार घेत नाहीत, आणि मला ती पद्धत योग्य वाटते. पगार घेतला तरी निवडीबद्दल एक शब्दही न बोलण्याची अट कागदावर असावी.

बंद दाराच्या खोलीचा विषय निघाला की अंगावर काटा येतो, आणि यायलाच हवा. अमेरिकन जिम्नॅस्टिक्समध्ये लॅरी नासर या डॉक्टरने वर्षानुवर्षं मुलींचं लैंगिक शोषण केलं. तो चॅप्लिन नव्हता, पण त्याला संरक्षण दिलं ते विश्वासानेच. 'तो तसा नाही' म्हणणाऱ्या मोठ्यांनी. कुंपणानेच शेत खाल्लं. चर्चच्या स्वतःच्या इतिहासातही असे कलंक कमी नाहीत. मग एका धार्मिक माणसाला तरुण खेळाडूंसोबत एकांत द्यायचा कसा? माझं उत्तर स्पष्ट आहे: पार्श्वभूमीची पडताळणी केल्याशिवाय नाही, काचेच्या दाराशिवाय नाही, आणि अल्पवयीन मुलाच्या शोषणाची कुणकुण लागली तर गुप्ततेच्या नावाखाली गप्प बसण्याची मुभा नाही. याच प्रकरणातली आणखी एक गोष्ट आठवावी. २०१६ मध्ये नासरविरुद्ध सर्वांत आधी नावानिशी उघडपणे बोलणारी रेचल डेनहॉलँडर ही श्रद्धाळू ख्रिस्ती वकील आहे. जानेवारी २०१८ मध्ये न्यायालयात १५६ निवेदनं झाली, शेवटचं तिचं होतं. तिने क्षमेबद्दल सांगितलं आणि त्याच भाषणात कमाल शिक्षा मागितली. क्षमा म्हणजे प्रकरण मिटवणं नव्हे, हे तिने आपल्या धर्माच्या भाषेत सांगितलं. असा धर्म शिकवणारा माणूस खेळाडूंजवळ असेल, तर गप्प बसवणाऱ्यांना तो अडचणीचा ठरेल.

'फक्त ख्रिस्तीच का?' हा आक्षेपही न्याय्य आहे. २००५ मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्स या बेसबॉल संघात एका खेळाडूने स्वयंसेवक चॅप्लिनला विचारलं, येशूला न मानणाऱ्या ज्यू माणसांना मुक्ती नाही का? चॅप्लिनने मान डोलावली. हे वर्तमानपत्रात आलं आणि संघाने त्याला दूर केलं, ते बरोबरच केलं. ज्या ड्रेसिंगरूममध्ये ज्यू, मुस्लिम, हिंदू, नास्तिक सगळे कपडे बदलतात तिथे अशी मान डोलवणाऱ्याने आपलं दार स्वतःच लावून घेतलेलं असतं. म्हणून इतर धर्मांचे सल्लागारही असावेत, आणि ख्रिस्ती चॅप्लिनकडे त्यांचे फोन नंबर असावेत. १९६५ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना सँडी कोफॅक्स या ज्यू खेळाडूने योम किपूर या ज्यूंच्या पवित्र दिवशी आहे म्हणून सोडला. एप्रिल २०२१ मध्ये लेस्टर आणि क्रिस्टल पॅलेस या इंग्लिश फुटबॉल क्लबांच्या खेळाडूंनी सूर्यास्ताला सामना क्षणभर थांबवला, म्हणजे वेस्ली फोफाना आणि शेखू कुयाते यांना रोजा सोडता येईल. पॅलेसच्या गोलरक्षकाने गोलकिक थोडी उशिरा घेतली, एवढंच. ऑलिम्पिक सनदेचा ५० वा नियम क्रीडास्थळी धार्मिक प्रचाराला मनाई करतो आणि तरीही ऑलिम्पिक ग्राममध्ये सर्वधर्मीय केंद्र असतं. पॅरिसमध्ये २०२४ साली पाच धर्मांचं होतं. मला यात विसंगती दिसत नाही. मैदानावर प्रचार नको आणि मैदानाबाहेर खोली हवी, या दोन्ही गोष्टी एकाच तत्त्वातून येतात. विसंगती होती ती यजमान फ्रान्सने आपल्याच मुस्लिम खेळाडू मुलींना हिजाब घालून खेळू न देण्यात. एका ठिकाणी तुमच्या देवाला खोली द्यायची आणि दुसऱ्या ठिकाणी तुमच्या डोक्यावरचं वस्त्र उतरवायचं?

या विषयावर बोलताना एरिक लिडेल या ब्रिटिश धावपटूचं नाव निघतंच, पण बहुतेकदा चुकीच्या कारणासाठी. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या म्हणून तो धावला नाही, २०० मीटरमध्ये त्याला कांस्य मिळालं, आणि ४०० मीटर त्याने ४७.६ सेकंदांत जिंकली. देवाने निष्ठेचं फळ दिलं, असा धडा यातून काढला जातो. मला त्यातली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. ११ जुलैच्या सकाळी, अंतिम शर्यतीच्या दिवशी, तो हॉटेलातून निघत असताना संघाच्या मालिश करणाऱ्याने त्याच्या हातात घडी घातलेली एक चिठ्ठी दिली. जुन्या ग्रंथात, म्हणजे बायबलमध्ये, म्हटलंय, जो माझा मान राखतो त्याचा मान मी राखतो, अशा अर्थाचं त्यात लिहिलं होतं, खाली शुभेच्छा. रविवारी न धावण्यावरून देशभर टीका झेललेल्या माणसाला ती चिठ्ठी दिली कोणी? संघात कोण खेळणार हे ठरवण्याचा ज्याला काडीचा अधिकार नव्हता, रोज याच्या पोटऱ्यांचे स्नायू चोळता चोळता ज्याने याचं मन ओळखलं होतं, त्या माणसाने. त्या संघात त्या दिवशी चॅप्लिनचं काम त्यानेच केलं.

पुढे लिडेल चीनमध्ये मिशनरी झाला, आणि दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्याला शानदोंगमधल्या वेइशियनच्या छावणीत स्थानबद्ध केलं. तिथे शेकडो मुलं होती, कित्येक आईबापांपासून तुटलेली. तो त्यांना शिकवायचा, त्यांचे खेळ घ्यायचा, मोडलेल्या हॉकी स्टिक चादरींच्या पट्ट्यांनी बांधून द्यायचा. फक्त रविवारी खेळ नसे, तो नेम त्याने तिथेही पाळला. मग एका रविवारी मुलांनी आपापलं हॉकी सुरू केलं. पंच नव्हता, मारामारी झाली. पुढच्या रविवारी मुलं मैदानात उतरली तेव्हा लिडेल शिट्टी घेऊन मधोमध उभा होता. २१ फेब्रुवारी १९४५ ला मेंदूतल्या गाठीने तो त्याच छावणीत गेला, ४३ वर्षांचा होता. छावणी सुटायला सहा महिने उरले होते.